बंकटच्या ट्रॅक्टरची दृष्ट

नांदूरघाटच्या मुंजाजीचा ट्रॅक्टर कोरा करकरीत होता आणि अंगणातल्या बाभळीखाली ठप्प उभा होता. वर्ष दुष्काळाचं. गावाच्या पाण्याचा टँकर ओढायचं काम दूध सोसायटीनं त्यालाच दिलं होतं, गाडी नवी म्हणून. दोन खेपा झाल्या आणि गिअर अडकला. सोसायटीनं टँकर शेजारच्या बंकटच्या जुन्या ट्रॅक्टरला जोडला. चेअरमन म्हणाले, तुझी गाडी दुरुस्त झाली की काम तुझं.

गाडी वॉरंटीत होती. शोरूमवाला फोनवर लई गोड बोलायचा. पार्ट निघालाय, मेकॅनिक येतोय, तोवर गाडी खोलू नका, बाहेरचा हात लागला की वॉरंटी गेली. गावातला सटवा मिस्त्री दर बाजाराला विचारायचा, खोलू का? मुंजाजी त्याला गाडीच्या सावलीलाही उभं राहू द्यायचा नाही. लोक म्हणायचे, काय धीराचा माणूस! धीर कसला, आतून नुसता जळत होता तो.

कारण बंकटचं ते डबडं. सायलेन्सरला तार, सीटवर गोणपाट, आणि चढाला लागलं की कण्हायचं. तरी रोज पाणी आणायचं. बायका बंकटला दादा म्हणत, चहा पाजत. आणि मुंजाजीची स्वतःची बायको, चतुराबाई, टँकर आला की मीठमिरच्या घेऊन बंकटच्या ट्रॅक्टरची दृष्ट काढायची. सगळ्या गावाचं पाणी त्याच्यावर होतं. ओवाळलेल्या मिरच्या ती अंगणातल्या चुलीत टाकायची. ठसका उठला तर दृष्ट नव्हतीच, आणि ठसक्याशिवाय जळून गेल्या तर कुणाची तरी लागलेली, हे तिकडं शेंबडं पोरही सांगेल.

मुंजाजी खाटेवरून बघायचा आणि दात खायचा. हे डबडं एकदा चढावर बसावं, एवढंच त्याला वाटायचं. वर चतुराबाईला ऐकवायचा की, आपल्या गाडीला नजर लागली ती ह्या बंकटचीच, आधी आपली काढ. ती म्हणायची, चालू होऊ द्या, मग काढते.

उन्हाळा निम्मा सरल्यावर मेकॅनिक उगवला आणि दुपारपर्यंत गिअर बसवून गेला. नेमका त्याच दिवशी बंकटचा ट्रॅक्टर चढावर बसला. मुंजाजीला गुदगुल्या झाल्या. त्यानं टँकर जोडला, पाणी भरून आणलं आणि विनाकारण हॉर्न वाजवत आपल्या दारात उभा केला. घागर घेऊन बंकटही रांगेला आला होता. त्याला बघून तर मुंजाजीचं पोट भरलं. बंकटला ऐकू जाईल अशा आवाजात तो बायकोला म्हणाला, "आता काढ दृष्ट."

चतुराबाईनं मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की रांगेतल्या बायका पांगल्या, बंकटनं तोंडाला टॉवेल लावला, आणि मुंजाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

चतुराबाई पदर नाकाला लावून जवळ आली. त्याच्यापुरतं हळूच म्हणाली, "आपल्या टॅक्टरला कुणाचीच नजर न्हाई. बंकट भावजींच्या मिरच्यांचा मातर इतक्या दिसांत एकदाबी ठसका आला न्हाई. मी कुणाला बोलले न्हाई."