पाण्याला हात लावून

आज सकाळी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि यंदा पहिल्यांदाच पाणी कोमट लागलं. बायको म्हणाली, "आला उन्हाळा." माझा हात मात्र धारेखालीच राहिला. आठवणी डोक्यात असतात म्हणतात. माझी ही एक हातात राहिली आहे.

माझे वडील, आप्पा, नोकरीनिमित्त हिमाचलात होते तेव्हा ट्राउट हा थंड पाण्यातला मासा पकडायला शिकले. कोंबड्याचं पीस दोऱ्याने गळाला बांधून खोटी माशी करायची आणि ती पाण्यावर अलगद टेकवायची. पण त्याआधी ते ओढ्यात हात बुडवून बसत. गारठ्याने बोटं ठणकली तरच मासेमारी. पाणी तापलं की ट्राउट आधीच धापा टाकत असतो, पकडून सोडला तरी जगत नाही, असं ते म्हणत. लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा मला याचा रागच यायचा. एवढं चढून यायचं आणि नुसता हात भिजवून परत फिरायचं!

आप्पा निवृत्त झाल्यावर एकदा आम्ही दोघं मुद्दाम तिथे गेलो. गळाच्या बारीक भोकात दोरा ओवताना त्यांची बोटं थरथरत होती. मी हात पुढे केला, तो त्यांनी पाहिलाच नाही. बराच वेळ खटपट करून त्यांनी गळ डबीत ठेवला, ओढ्यात हात बुडवला आणि म्हणाले, "तापलंय रे पाणी. चल."

मीही हात बुडवला. कोपरापर्यंत कळ गेली.

"हो आप्पा," मी म्हणालो, "तापलंय."