चौथ्या आवाजाची जागा

आमच्या साडूंइतकी बायकोच्या आवाजाची हौस असलेला नवरा भूतलावर दुसरा नसेल. लोकांना एकटीचा आवाज पुरून उरतो. यांना पुरेना, म्हणून यांनी तिचे चार केले.

रियाधमधल्या मराठी घरांसाठी साडू आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, दर शुक्रवारी इंटरनेटवर रेडिओचा कार्यक्रम करायचे. श्रोते बेताचेच, त्यातले निम्मे आम्ही नातेवाईक, म्हणजे सुटका नसलेले. साडूंनी बत्ह्याच्या बाजारातून दोन जुने टेपरेकॉर्डर पैदा केले होते. एकावर ताईंचा आवाज लावायचा, त्याच्याबरोबर ताईंनीच पुन्हा जरा वेगळ्या सुरात गायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर उतरवायचं. असे चार थर. "कॉम्प्युटरवर हे चुटकीसरशी होतं," असं मी एकदाच म्हणालो. "लोणचंही दुकानात मिळतं," साडू म्हणाले, आणि विषय खलास. रेकॉर्डिंग कपड्यांच्या कपाटात, तेही एसी बंद ठेवून, कारण त्याची घरघर टेपवर येते. ऐन जुलैत आम्ही पाहुणे बाहेर घामानं निथळत बसायचो आणि आतून ताई ओरडायच्या, "अहो, तेच गाणं चौथ्यांदा गायचं तर निदान पाणी तरी द्या!" एकदा तिसऱ्या थराला मी शिंकलो. सगळं पुन्हा पहिल्यापासून! तेव्हापासून मला सर्दी आहे का हे दारातच विचारलं जायचं.

या पद्धतीत एक खोट होती. वरून नवा आवाज चढला, की आधीचे जरा फिके होत. म्हणून मुख्य चाल शेवटी गायची, हा साडूंचा नियम. गेल्या वर्षी एका गाण्याचे तीन थर झाले आणि नाशिकला साडूंच्या आई अंथरुणाला खिळल्या. साडूंना रजा मिळेना. "महिन्याभरात येते, त्याला हात लावू नका," असं बजावून ताई गेल्या. तो महिना अजून संपायचाय.

मी सुचवलं, "कुणाकडून तरी गाऊन घ्या की. नाहीतर कार्यक्रम बंद पडेल."

साडू टेपरेकॉर्डरवरची धूळ बोटानं पुसत राहिले. "दुसरं कुणी चढलं, की ती फिकी होईल हो."

परवाच्या शुक्रवारी त्यांनी ते गाणं तसंच लावलं. "आजचं गाणं अर्धं आहे," म्हणाले, "गाणारी कामात आहे." आमची ही पोळ्या लाटत होती. ताईंची धाकटी बहीण, ताईंच्या गाण्याला जन्मभर नावं ठेवलेली. तिनं नकळत ती राहिलेली चाल धरली. एक ओळ म्हणून थांबली, पदरानं डोळे पुसले. मोबाइलवर ताईंचे तिन्ही आवाज एकमेकांना सांभाळत पुढं चालले होते, मधली जागा मोकळी ठेवून.