श्रीहरी पागनीसांची गुणगुण

गळा म्हणाल तर श्रीहरी पागनीसांचा बेताचाच. पण मल्हारगंजातल्या घराचा जिना चढताना ते गुणगुणायचे, आणि तेवढ्यावरून यमुना चहाचं आधण ठेवायची. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात नवरा घरी आला की नाही, हे तिला कधी बघावं लागलं नव्हतं.

श्रीहरींचं काम घड्याळाचं, पण काटे नसलेल्या. जेवणाच्या डब्याएवढ्या त्या अणुघड्याळात रुबिडियमचे अणू असतात. ते एका ठरावीक मायक्रोवेव्ह लहरीलाच दाद देतात, बाकीच्यांना दारातही उभं करत नाहीत. ती लहर काढणारं सर्किट श्रीहरी बनवतात. क्वार्ट्झच्या स्फटिकाचं कंपन घ्यायचं आणि त्याचा वेग जवळपास सातशे पट करायचा. गोम अशी, की त्याबरोबर त्यातली खरखरही वाढते. म्हणून मुळातच खरखर नको.

गेल्या वर्षी खरखर मोजणाऱ्या आलेखावर एक बारीक टोक दिसू लागलं. रोज, दुपारचा चहा झाल्यावर. श्रीहरींनी केबल बदलल्या, पॉवर सप्लाय बदलला, टेबलाखाली रबर घातलं. टोक हटेना. तीन आठवड्यांनी त्यांची ज्युनियर शमिका चाचरत म्हणाली, "सर, बुरा नका मानू, पण तुम्ही गुणगुणता ना, तेव्हाच हा स्पाइक येतो." झाकण काढलेला स्फटिक त्यांच्या आवाजाने थरथरत होता. चोर घरचाच निघाला!

हा किस्सा त्यांनी घरी हसत हसत सांगितला. यमुनाही पोट धरून हसली. तेव्हा तिला काय ठाऊक! लॅबमध्ये तोंड मिटायची सवय लावली, ती घरापर्यंत आली. आता ते किल्लीने दार उघडून गुपचूप आत येत, आणि अचानक मागे उभे दिसले की ती दचकायची. सर्किट पास झालं, घड्याळात बसायला बेंगळुरूला गेलं. तिला वाटलं, सुटले बाई. कितीतरी संध्याकाळी ती जिन्याकडे कान लावून बसली. मग दुसरं सर्किट आलं, ते तर पहिल्याहून शांत हवं होतं.

एका रविवारी पोह्यांची प्लेट पुढे ठेवून ती म्हणालीच, "अहो, घरी कुठली मशीन लागलीये? थोडं गुणगुणा ना."

त्यांनी घसा खाकरला. एक ओळ धरली आणि अर्ध्यात थांबले. "नाही जमत गं. आवाज निघाला की कान पहिले गडबड शोधायला लागतात."

"तुमचं घड्याळ एकदम करेक्ट चालेल हो," ती म्हणाली. "पण तुम्ही घरी आलात, हे मला कळतच नाही."

पोहे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावरची घंटी वाजली. यमुनाने दाराच्या भोकातून पाहिलं, तर श्रीहरी. किल्ली हातातच होती. आपण आल्याचं तिला कळावं म्हणून स्वतःच्याच घराची घंटी वाजवून ते उभे होते. तिला भरून आलं. तरी तिने दार उघडलं नाही. बाहेरून आणखी काही ऐकू येतं का, म्हणून श्वास रोखून तशीच उभी राहिली.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा घंटी वाजवली.