झूराकान आपांची तरफ

नारिनच्या डोंगरांत वरच्या कुरणात उन्हाळाभर आमच्या शेजारी झूराकान आपांचं बिऱ्हाड असायचं. चाकांवरचा जुना लोखंडी डबा, हेच त्यांचं घर. आम्ही सगळ्या बायका लोणी काढायचो, दह्याचे खारट गोळे वाळत घालायचो. आपाही घालायच्या, पण त्यात त्यांचा जीव नव्हता. तरुणपणी त्या खालच्या गावात चीजच्या कारखान्यात होत्या. पुढे कारखाना बंद पडला, दाबयंत्रं भंगारात गेली. मागाहून आलेल्या माझ्यासारख्या सुनांनी त्यांच्या चीजबद्दल नुसतं ऐकलं होतं.

त्या वर्षी गवत असं माजलं की दुधाला भांडी पुरेनात. आपांनी जाहीर केलं, "मी चीज करणार."

त्यांचा नवरा जांताय चहा पीत बसला होता. माणूस चांगला ऐसपैस. म्हणाला, "कर की. दाबणार कशानं? माझ्या पोटानं?"

"वेळ आली तर तेही करीन, म्हाताऱ्या!"

जुन्या पातेल्याला खिळ्यानं भोकं पाडून आपांनी साचा केला. फाडलेल्या दुधाचा गोळा फडक्यात बांधून त्यात भरला, वर लाकडी चकती ठेवली आणि तिच्यावर दगड रचले. दगड एका अंगाला कलंडले. चीज निघालं तिरकं आणि आतून ओलं. कुत्र्यानं ते आवडीनं खाल्लं.

मग एकदा जांतायची गाडी ओढ्यात रुतली. त्यानं एक लांब ओंडका गाडीखाली सारला, दगडावर टेकवला आणि दुसऱ्या टोकाला मला नि आपांना लोंबकळायला लावलं. चाक अलगद वर आलं. गाडी निघाली तरी आपा ओंडका सोडेनात.

"आपा, सोडा आता!"

"अगं, दोन बायकांनी गाडी उचलली," त्या म्हणाल्या. "मग चीज काय चीज आहे!"

तोच ओंडका आम्ही खांद्यावर घेऊन घरी आणला. आपांनी एक खुंटा रोवला, ओंडक्याचं एक टोक त्याला बांधलं, खुंट्याजवळ ओंडक्याखाली साचा ठेवला आणि लांबच्या टोकाला दगडांची बादली अडकवली. क्षणभर सगळं छान चाललं. मग खुंटाच मुळासकट उपटून आला, साचा उलटला आणि आतलं पाणी थेट जांतायच्या पांढऱ्या टोपीवर.

"माझी टोपी!"

"मळलीच होती ती," आपा म्हणाल्या.

हसून हसून आमची पोटं दुखली. सगळ्यात जास्त हसला जांतायच. डोळे पुसत तो म्हणाला, "अगं म्हातारे, खुंटा कशाला हवा? अख्खं घर उभं आहे ना!"

त्यानं ओंडक्याचं टोक डब्याच्या खालच्या लोखंडी तुळईखाली अडकवलं. आता ते काही हलणार नव्हतं. दुसऱ्या टोकाला दगडांऐवजी दुधाचा रिकामा कॅन टांगला आणि हातात मग घेऊन तो त्यात पाणी घालायला उभा राहिला.

"घालू?"

"थोडंच. घाईनं दाबलं तर पाण्याबरोबर लोणीही वाहून जाईल."

"आता?"

"थांब रे!"

साच्यातून हिरवट, निवळ पाणी ठिबकू लागलं. आपा त्याच्यासमोर उकिडव्या बसून राहिल्या, तान्ह्या बाळाकडे पाहावं तशा.

दुसऱ्या दिवशी साच्यातून गुळगुळीत, गच्च चकती निघाली. आपांनी ती मिठाच्या पाण्यात ठेवली, मग फळीवर, आणि रोज उलटत राहिल्या. खाली उतरायचे दिवस आले तेव्हा त्यांनी पलीकडच्या खोऱ्यात साकिशला निरोप धाडला. साकिश त्यांची कारखान्यातली जोडीदारीण. ती घोड्यावरून आली, उतरली आणि नमस्कार-चमत्कारही न करता म्हणाली, "कुठाय?"

आपांनी चकती कापली. आत पिवळाधमक रंग, बारीक बारीक भोकं. साकिशनं तुकडा हुंगला, तोंडात टाकला, डोळे मिटून बराच वेळ चघळला.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

"तू कारखान्यातही हेच म्हणायचीस!"

"तेव्हाही कमीच पडायचं!"

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा हसायला लागल्या की घोडा बिचकला. साकिश त्या दिवशी परत जाणार होती. पण तिनं खोगीर उतरवलं, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "गाईंची धार किती वाजता काढतेस गं?"