शुभाच्या लोहाच्या गोळ्या

सई, नील — हे मी कालपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि त्यांच्यापासून मी बहुधा दुसरं काहीच लपवलं नव्हतं.

तुमची आई, शुभा, कॉलेजात असताना तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं. मग काय — पार्ल्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी मोहीमच उघडली. लोखंडी कढईत पालेभाजी, बीट, खजूर, आणि रोज एक लोहाची गोळी. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा तिथेच. शेजारच्या मुलीचा त्याच गोळ्यांनी भराभर वाढला होता. मग आमच्या शुभाचा का नाही? मी ठरवून टाकलं — ही गोळ्या फेकते.

ती म्हणायची, "आई, मी खरंच घेते गं." मी तिला समोर उभं करून गोळी गिळायला लावायचे, मग जीभ वर करून दाखवायला सांगायचे. एकोणीस वर्षांच्या मुलीला. एकदा गॅलरीतल्या कुंड्यांची माती उकरली. एकही गोळी सापडली नाही. तरी तिच्या मावशीसमोर म्हणालेच — आमची शुभा खोटं बोलायला शिकलीय. शुभा ताट उचलून आत गेली.

एवढंच असतं तर चूक म्हणता आली असती. पण —

बारा वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला थॅलेसेमिया मायनर आहे. आईवडिलांकडून आलेली रक्ताची घडण. तांबड्या पेशी लहानच राहतात; शरीरात लोह पुरेसं असेल तर गोळ्यांनी आकडा वाढत नाही. मुलांतही असू शकतं, तपासून घ्या.

इंग्रजी माझं चांगलं आहे. रिपोर्ट कळला नाही असं म्हणायची सोय नव्हती. घरात प्रत्येकाच्या नावाची फाईल आहे — हसता ना त्यावरून? तो कागद मी फ्रिजच्या वॉरंटीच्या फायलीत ठेवला. शुभाला सांगायचं म्हणजे तिला खोटारडी म्हटलेलं परत घ्यायचं. तेवढं धैर्य झालं नाही. आणि ती तिकडे, तुमच्या घरी, अधूनमधून लोह घेतच राहिली.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सई म्हणाली, हिमोग्लोबिन कमी आलंय, आणि आई रोज विचारते — गोळी खरंच घेतलीस का? तो प्रश्न माझा होता.

काल शुभाला फोन केला. सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

"नव्हतीस. बारा वर्षं मी बोलत होते."

आज सकाळी तिचा मेसेज आला: शनिवारी ती आणि सई तपासणीला जाताहेत, नील सुट्टीत जाईल. रिपोर्ट स्कॅन करून सोबत जोडलाय. सई, गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. तुझ्या शब्दावर मात्र आता कुणी शंका घेणार नाही. आणि पुढे लग्न ठरवशील तेव्हा त्या मुलाचंही रक्त तपासायचं — दोघांनाही हे असेल तर बाळाला मोठा आजार होऊ शकतो — हे तुला वेळेवर माहीत असेल.

शुभाची फाईल अजून इथेच आहे, तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेसकट. मूळ कागद मी त्यात लावलाय. सगळ्यात वर.