वीतभर फट

मामा खरा एकाच घराचा मामा. त्याची थोरली बहीण खालच्या गल्लीत दिलेली. तिची मुलं त्याला मामा म्हणायची आणि त्यांचं ऐकून अख्खी गल्ली म्हणायला लागली, अगदी त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. एरवी त्या हाकेत माया असायची. पाऊस लागून राहिला की मात्र तिला धार चढायची, कारण गल्लीतलं पाणी जाणार की तुंबणार हे मामाच्या हातात होतं. म्हणजे, गल्लीला तसं वाटायचं.

काम सांगायला सोपं. शहराचा नाला नदीला मिळतो तिथे बांधाच्या पोटातून बोगदा जातो, आणि बोगद्याच्या गल्लीकडच्या तोंडाशी एक लोखंडी दार आहे. वर बांधावर चाक. नदी चढली की चाक फिरवून दार खाली सोडायचं, उतरली की उचलायचं. दार बंद असेल तोवर आतलं पाणी पंपाने बांधावरून पलीकडे टाकायचं. पंप एकच, तोही प्लास्टिकच्या पिशव्या गिळून घटकेघटकेला गुदमरणारा. तेवढ्यात खालच्या गल्लीत पोटरीएवढं पाणी व्हायचंच, आणि छत्र्या घेऊन मंडळी बांधावर हजर.

"मामा, दार उघड की! आमचं पाणी तुंबलंय."

"उघडलं तर तुमचं जाणार नाही, नदीचं आत येईल. आत्ता नदी तुमच्या उंबऱ्याहून उंच आहे."

"नदी कधी घराच्या वर असते का? आम्हालाच मामा बनवतोस?"

समजावून समजावून त्याच्या घशाला कोरड पडली होती. गल्ली आहे तिथून पूर्वी नदीच वाहायची. वळणाचा बाहेरचा काठ खात, आतल्या काठावर वाळू टाकत तिने एवढा मोठा वळसा घेतला, की शेवटी एका पुरात तो तोडून तिनेच सरळ वाट काढली. जुनं पात्र मागे राहिलं, गाळाने अर्धंमुर्धं भरलं, आणि सपाट जागा बघून माणसांनी त्यात घरं बांधली. गल्ली धनुष्यासारखी वाकडी आहे ती म्हणून. पुढे नदीला बांध घातला, तेव्हा इकडेतिकडे पसरणारा गाळ पात्रातच बसायला लागला. तळ वर वर येत गेला. गल्ली बिचारी होती तिथेच.

ताईच्या घराचा पाया खणताना तर गोल गुळगुळीत गोटेच निघाले होते. त्यातला सगळ्यात मोठा, चपटा धोंडा मामाने घामाघूम होत अंगणात लोळवत नेला आणि मोरीशी बसवून दिला. ताई त्यावर कपडे धुवायची. "बघ, नदीनेच घासून ठेवलाय तुझ्यासाठी," तो म्हणाला होता.

"ते सगळं खरं रे," ताई म्हणायची, "पण थोडंसं तरी उघडं ठेवत जा ना."

घरी बायको वेगळंच तोंडसुख घ्यायची. "माझ्या माहेरचं कुणी आजारी पडलं तर तुम्हाला सवड नाही, आणि त्या चाकाला रोज तेल!"

त्या दिवशी सकाळपासून पावसाने तोंड मिटलं नव्हतं. दुपारी वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा फोन आला, तसा मामा ताटावरून उठला आणि बांधावर गेला. नदी गढूळ, झाडाच्या फांद्या घेऊन चढत होती. त्याने चाक फिरवलं. दार नेहमीसारखं कुरकुरत उतरलं आणि तळाला टेकायच्या जरा आधीच अडलं. त्याने जोर लावला. चाक ढिम्म.

आधी वाटलं, फांदी अडकली असेल. एवढ्यात दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शिवणयंत्र तसंच टाकून, गळ्यात टेप लटकत असताना धावत आले.

"अरे, राहू दे ना तेवढं," दाजी धापा टाकत म्हणाले. "वीतभरच तर फट आहे."

मामाचे हात चाकावरच थांबले. वरून दाराचं टोक दिसत नव्हतं, सगळं पाण्याखाली होतं.

"वीतभर आहे, हे तुम्हाला कसं कळलं, दाजी?"

दाजी नदीकडे बघायला लागले.

"काय ठेवलंय खाली?"

"आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं... तू तर ऐकत नाहीस. म्हटलं, पुरतं मिटलंच नाही तर आमचं पाणी जात राहील."

"ठेवलंय काय?"

"तुझ्या ताईचा धोंडा. मोरीवरचा."

मामाला हसावं की दाजींना तसंच बांधावरून ढकलावं, कळेना. आतल्या बाजूला नाल्याचं पाणी उलटं, गल्लीकडे धावत होतं. त्याने बोट दाखवलं. "बघा, तुमचं पाणी कसं मजेत चाललंय!"

दाजींचा चेहरा उतरला. "आता रे?"

"आता दार उचलायचं. धोंडा मोकळा होईपर्यंत."

"म्हणजे आणखी पाणी आत?"

"मग दुसरं काय करू? सांगा, तुम्ही हुशार ना!"

मामाने चाक उलटं फिरवलं. दार उचललं गेलं, नदी भसकन आत शिरली, आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या लोकांनी आरोळी ठोकली, "उघडलं! मामाने उघडलं!" कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मामाने दातओठ खाल्ले. आतल्या पायऱ्यांवर छातीएवढ्या पाण्यात दाजी लोखंडी आकडा घेऊन उभे होते, कमरेला दोर, दोराचं टोक कठड्याला. दोनदा आकडा निसटला. तिसऱ्यांदा पाण्याच्याच लोंढ्याने धोंडा गडगडत आत आला आणि दाजींच्या नडगीला लागून पुढे गेला. दाजी ओरडले ते दुखून की आनंदाने, विचारायला वेळ नव्हता. मामाने सगळा भार टाकून चाक फिरवलं. या वेळी दार खाली टेकलं. खट्ट.

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. गल्लीत गुडघाभर पाणी, घराघरांतून पिठाचे डबे माळ्यावर चढत होते. शिवणयंत्राचं पायडल पाण्यात बुडालं होतं. पंप सुरू करून, त्याच्या जाळीतल्या पिशव्या उपसून मामा ताईच्या दारात आला तेव्हा ती खाटेवर उभी होती, कडेवर धाकट्याच्या दप्तराचं गाठोडं. लंगडत आलेल्या दाजींकडे तिने पाहिलंही नाही.

"अरे, काय झालं हे! एवढं पाणी कधी आलं नव्हतं," ती रडवेली होऊन म्हणाली. "आता तरी दार उघड ना. घरातलं पाणी जाऊ दे."

मामाने तिच्याकडे बघितलं, मग दाजींकडे. दाजींनी खाली मान घालून नडगी चोळली.

मामा पाण्यातून वळला, पुन्हा बांधावर गेला, पाना लावून चाक दांड्यावरून काढलं आणि काखेत मारून परत आला. खाटेच्या एका कोपऱ्यावर, ओल्या कपड्यांनिशी, चाक मांडीवर घेऊन तो बसला.

"हे काय?" ताई म्हणाली.

"नदी उतरेपर्यंत इथेच आहे. कुणाला उघडायचं असेल त्याने आधी मला उठवावं."

ताईने माळ्यावरचा कोरडा टॉवेल ओढला आणि त्याच्या डोक्यावर टाकला.

"डोकं पूस आधी," ती म्हणाली. "आणि माझा धोंडा कुठे गेला ते शोध."