हलिनाबाई येणार होत्या, गेल्या

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे जयपूरला येणारी बाई वारली.

मला रडू नाही आलं. राग आला.

पानी हलिना. पोलंडमध्ये क्राकूवला माझी खालच्या मजल्यावरची शेजारीण. पोलिशमध्ये बाईंना 'पानी' म्हणतात.

ते शहर photo मध्ये फार सुंदर आहे. राहून बघा.

रविवारी दुकानं बंद. हिवाळ्यात चार वाजता अंधार. जुनी बिल्डिंग म्हणून lift नाही, खिडकीत टॉवेल वाळत घालायचा नाही. आणि खाली tourist माझ्या खिडकीचे फोटो काढतायत!

त्यात ही बाई. मी कचऱ्याच्या चुकीच्या डब्यात टाकलेला दह्याचा कप धुऊन परत माझ्या दारात ठेवायची.

एकदा अशीच जिन्यात ओरडत होती. माझा आईशी video call चालू होता.

"कोण ओरडून राहिलं गं?" आई मूळची अकोल्याची. बाबांच्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही जयपूरच्या मानसरोवर भागात आलो, पण आईची भाषा अकोल्यातच आहे.

मी वैतागून फोन बाईंकडे वळवला.

झालं. दोघी माझ्याबद्दल तक्रारी करायला लागल्या. एक मराठीत, एक पोलिशमध्ये. मी मधे translator.

मग दर रविवारी तेच. "हलिनाजींना दे फोन." माझ्याशी नंतर, वेळ उरला तर.

आईनेच त्यांना बोलावलं. त्यांनी आयुष्यात कधी विमान पकडलं नव्हतं. त्यांची मुलगी एवा दुसऱ्या शहरात असते, ती भांडली. या वयात India? बाईंनी ऐकलं नाही.

मी सुट्टीत जयपूरला पुढे आले. आईने खोलीला रंग काढला. बिनतिखटाची भाजी करून बाबांवर try केली.

आणि काल एवाचा mail. दोन ओळी. आई झोपेतच गेली. उद्या सकाळी दफन. खाली फोन नंबर.

उद्या!

दिल्ली गाठून मिळेल ते flight धरलं तरी पोहोचत नव्हते. सगळं बघून झालं. Laptop आपटला मी.

"कोणी आधी का नाही सांगितलं?" मी आईवर ओरडले.

आई म्हणाली, "तिची आई गेली ना बाई. मतलब, तिला काय सुचत असेल?"

आज संध्याकाळी, तिथलं उरकलं असेल अशा वेळी, आईने मला फोन लावायला लावला.

मी नाव सांगितलं. एवाने विचारलं, "जयपूर? तुझी आई आहे तिथे?"

मी फोन speaker वर टाकला.

"आईची bag भरून दाराशी ठेवलीय," एवा म्हणाली. "मला ती उघडवत नाही."

मी आईला मराठीत सांगितलं.

आई लगेच म्हणाली, "नको उघडू म्हणावं. तूच ये घेऊन."

मी सांगितलं. पलीकडे एवा रडायला लागली. इकडे आई. आणि मधे मी, translate करायला काहीच नाही.

पानी हलिना, आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.

राग अजून गेलेला नाही.